पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच

निवृत्त झाल्यापासून आमचे हे रोज सकाळी पर्वती चढायचे. चढायचे म्हणजे बरोबरीच्या दोघा-तिघांशी शर्यत लावायचे. कोण जिंकलं ते घरी कधी सांगायचे नाहीत, कारण ह्यांना बोलण्याचाच कंटाळा. आमच्या घरात ह्यांच्यापेक्षा कुकर जास्त बोलतो.

एका सकाळी अर्ध्या वाटेत चक्कर येऊन हे पायरीवर बसले. सोबत्यांनी रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. बीपी इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी ते पुन्हा मोजून पाहिलं. मी फार घाबरले. गोळ्या सुरू झाल्या. बीपी जरा आटोक्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता चालायला हरकत नाही, पण शर्यत बंद. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा."

"मला बोलायची सवय नाही," हे म्हणाले.

"मग लावून घ्या."

ह्यांच्यावर सोडलं असतं तर झालंच. म्हणून मी सारसबागेत बरोबर जायला लागले. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." त्यावरून ह्यांना दम लागलाय की माझा कंटाळा आलाय, हे कुणालाच कळलं नसतं.

"अहो, पूर्ण वाक्य!" मी भर बागेत ओरडायचे.

मग वाक्यं यायला लागली. "मंडईत मेथी महाग झाली आहे." "तो माणूस चुकीच्या बाजूने चालतो आहे." त्या माणसाला सुनावायला हे तरातरा निघाले की वाक्य तुटायचं आणि मी ह्यांची बाही धरायचे. बाकी ठीक चाललं होतं.

गेल्या आठवड्यात मात्र हे आपणहून बोलले.

"त्या दिवशी पायरीवर बसलो तेव्हा वाटलं, आता संपलं. तुला फोन करायला मोबाइल खिशातून काढला, पण बोलायला दमच नव्हता. मग मनात आलं, इतकी वर्षं दम होता तेव्हा आपण काय केलं?"

सगळं सलग, कुठेही न अडखळता. मी काहीतरी म्हणायला गेले. "अहो, मला... तुम्ही..." याच्या पुढे काही येईना.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली पावलं आवरली.

"वाक्य तुटतंय तुझं," हे म्हणाले. "जरा हळू चाल."