ताई, ठोकळे माझे होते

लाकडी दट्टे आणि ते बसवायचे ठोकळे. चढत्या ठोकळ्यांचा जिना. खरखरीत अक्षरांच्या पाट्या. बटणं लावायच्या चौकटी.
बालवाडीतल्या मुलांचं हे सगळं साहित्य मी केलं, वागळे इस्टेटच्या गाळ्यात, या हातांनी.
नाव झालं सुषमाताईंचं.

नौपाड्यातल्या बालवाडीच्या सुषमाताई जाऊन आज महिना झाला.
आणि मी अजून जळतोय.

मी बारावी नापास. बालशिक्षणाची पुस्तकं माझी मीच वाचली, पेन्सिलीने खुणा करून. वर्तनवाद म्हणतो, शाबासकी द्या, सवय लागते. ज्ञानरचनावाद म्हणतो, मूल हाताळून, चुकून स्वतःच शिकतं. तिसरे म्हणतात, थोडं पुढे असलेल्याच्या सोबतीने शिकतं.
माझा पक्ष दुसरा. म्हणून तर माझा दट्टा चुकीच्या खोबणीत नीट बसतच नाही. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे नाही.

एकदा एक दट्टा फुगला म्हणून घासायला शाळेत गेलेलो. छोट्या गटातली सई ठोकळ्यापुढे अडलेली, रडवेली.
मी म्हटलं, "ताई, मध्ये पडू नका. तिची चूक तिलाच कळू दे. ज्ञानरचनावाद!"
"हो भाऊ. पण तिला शू लागलीय."

खरंच लागली होती.

परत आणून ताईंनी तिला मोठ्या गटातल्या मनस्वीशेजारी बसवलं.
मनस्वी म्हणाली, "अगं सई, ही जाडी इडली आहे. हिला मोठं भांडं लागतं."
इडली! माझ्या दट्ट्याला!
पण सईने बसवली. सगळ्या बसवल्या. ताईंनी तिच्या हातावर पेनाने चांदणी काढली.
"हे आमिष झालं, ताई."
"तुमच्या कामाला कोणी छान म्हटलं की तुम्ही लगेच चहा मागवता. ते काय मग?"
शाळेच्या मावशीसुद्धा हसल्या.

हाच किस्सा ताई कल्याण-डोंबिवलीच्या शिक्षिकांना ट्रेनिंगमध्ये सांगायच्या. तिन्ही सिद्धांत, एकच ठोकळा. टाळ्या पडायच्या.
मी शेवटच्या रांगेत. "हे आमचे सुतारकाका," एवढीच ओळख.

दर वेळी वाटायचं, हे मी जास्त नीट सांगितलं असतं. व्याख्येसकट.
सांगितलंही असतं. पण कुठल्या मुलाला कधी काय हवंय, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. मला एवढं वाचूनही कळलं नाही.
राग त्याचाच आहे.

या आता, ताई. नमस्कार.

काल संस्थेतून फोन आला. "ताईंचे ट्रेनिंगचे वर्ग तुम्ही घ्या. पत्रिकेवर तुमचं पूर्ण नाव घालू."
इतकी वर्षं मला हेच हवं होतं.
नाही म्हणालो. मुलाकडे बघून कळणाऱ्या कुणाला तरी घ्या, म्हटलं.
वर महिना अठरा हजारही देत होते.