वरच्या मजल्यावरचे दाताचे पेशंट

आमच्या दवाखान्यातले किस्से लिहून ठेवायचे म्हटलं, तर केसपेपरपेक्षा जास्त कागद लागतील. कोल्हापुरात मानसोपचाराच्या दवाखान्यात काउंटरवर नऊ वर्षं काढली, की माणूस एक तर हसायला शिकतो, नाहीतर आतल्या खोलीत पेशंट म्हणून जाऊन बसतो. मी हसायला शिकले.

आम्ही पहिल्या मजल्यावर आणि खाली दातांचा दवाखाना. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण घरी आणि गल्लीत 'दाताला चाललोय' असंच सांगून निघतो. कागलच्या एमआयडीसीतला एक सुपरवायझर सहा महिने दर शनिवारी असा दाताला येत होता. शेवटी कँटीनवाल्याला त्याची दया आली आणि तो त्याला भात कालवून, मऊ करून वाढायला लागला. समोर सगळे भडंग खायचे आणि हा नुसता बघत बसायचा.

एकदा खालचे डॉक्टरच वर आले. म्हणाले, "वहिनी, अख्खी पेठ माझ्याकडं येते म्हणतात. मग मी खाली माशा का मारतोय?"

*

आमच्या मॅडमची पद्धत अशी, की प्रत्येकाचा उपचार वेगळा. कुणाला नुसतं समुपदेशन, कुणाला आधी गोळ्या, बऱ्याच जणांना दोन्ही. आपल्या लोकांना हे अजिबात पटत नाही. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढलं पाहिजे, तसं दवाखान्यातही.

पेठ वडगावचे दोन भाऊ एकाच दिवशी आले. थोरल्याला गोळ्या आणि समुपदेशन, धाकट्याला फक्त समुपदेशन. धाकटा तावातावाने काउंटरवर आला. थोरल्याला पिशवीभर औषध आणि आपल्याला नुसत्या गप्पा, हा कुठला न्याय? गप्पा तर कट्ट्यावर पण होतात.

मी म्हटलं, मग तिथंच करा की.

तो म्हणाला, "तिथं मला कोण बोलू देतंय?" आणि पुढची तारीख घेऊन गेला.

*

आक्का आल्या त्या सुनेला, सारिकाला, घेऊन. सारिकाचं बाळ चार महिन्यांचं. ती त्याला जवळ घेत नव्हती, भिंतीकडे तोंड करून रडत बसायची. नजर काढून झाली, अंगारा लावून झाला, आणि मगच आम्ही आठवलो. आपल्याकडे आमचा नंबर नेहमी अंगाऱ्यानंतर.

आक्कांनी काउंटरवरच निकाल सांगून टाकला. महिन्याभरात फरक पडला नाही, तर नातू ठेवून घेणार आणि हिला माहेरी धाडणार. सारिका शेजारीच उभी होती. तिने मान वर केली नाही.

जाताना आक्का हळूच म्हणाल्या, "कुणी इचारलं तर दाताला आलतो म्हणायचं." आक्कांचं वय सत्तर आणि तोंडाचं पार बोळकं. मी बरं म्हटलं.

*

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. गोळ्या संपलेल्या, पण सारिका होती तशीच. आक्का मात्र खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होत्या.

मॅडमना संशय आला. खोदून विचारल्यावर आक्का ताठ मानेनं म्हणाल्या, "घरात नवं काय बी आलं, की मी चाखल्याबिगर कुणाला देत न्हाय. पंधरा दिस मीच खाल्ल्या. इख न्हाय त्यात. आता खाऊ दे तिला."

पंधरा दिवस म्हशींची धार चुकत होती आणि शेजारी म्हणत होते, आक्का थकल्या. मॅडम इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. सारिकाच्या नवऱ्याला बोलावून घेऊन गोळ्या त्याच्या हातात दिल्या, आणि आक्कांना सांगितलं, की आता तुम्हीही समुपदेशनाला बसायचं.

"मला काय झालंय?" असं पुटपुटत आक्का आत गेल्या. पाच मिनिटांत येते म्हणाल्या आणि तासाभरानं बाहेर आल्या. डोळे लाल झाले होते.

काउंटरला टेकून मला म्हणाल्या, "थोरल्या पोराच्या येळंला माझं बी असंच झालतं. सासूनं मला महिनाभर गोठ्यात झोपवलं."

हसायला शिकले म्हटलं ना, त्या दिवशी ते जमलं नाही. महिन्याच्या मुदतीबद्दल मात्र आक्का पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

*

सहा महिने गेले. बाळ आता सारिकाच्या कडेवर बसून माझं रजिस्टर ओढतं. परवा दोघी मॅडमना दाखवून खाली निघाल्या, तर जिन्याच्या तोंडाशी शोभा उभी. आक्कांच्या समोरच्या घरातली. सारिकाला वेड लागलंय, हे गल्लीभर सांगून आलेली ती हीच.

"काय आक्का, दाताला व्हय?" तिनं विचारलं. सारिकानं पदर ओढून घेतला. मला वरून सगळं दिसत होतं.

आक्कांनी तिच्यासमोर आ वासला. "बघ, हाय का एक तरी? वर आलतो. सुनंला बरं वाटाय लागलंय. मी बी आत बसून बोलतो. जा, सांग गल्लीत."

एवढं बोलून त्यांनी नातवाला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि दोघी रिक्षात बसल्या.

शोभा रिक्षा वळेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळून एकेक पायरी चढत माझ्या काउंटरपाशी आली.

"वहिनी," ती म्हणाली, "माझी दाढ लई दुखतीया."

मी नवा केसपेपर काढला.