मागे न वळलेली मान

शहाद्याच्या एसटी स्टँडवर मी पुण्याच्या गाडीत चढले, तेव्हा हाताला मायने दिलेल्या दह्याचा वास होता. आप्पांनी बॅग वर टाकली, कळण्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर दिलं आणि खाली उतरून मायशेजारी उभे राहिले. मायने खिडकीतून एवढंच सांगितलं, "मांगे वळीसन देखू नको. काम बिघडस." आमच्याकडे कामाला निघालेल्याने मागे बघायचं नाही आणि घरच्यांनी मागून हाक मारायची नाही. मी बावीस वर्षांची, घरातून बाहेर पडणारी पहिलीच मुलगी. केळीच्या बागा सुरू झाल्या तरी समोरच्या सीटचं फाटकं रेक्झिन बघत बसले. मायचा आवाज इतका कोरडा होता की मला तो लागला. हिला काहीच वाटलं नाही का, हा प्रश्न मी अकरा वर्षं उराशी धरून बसले.

पुण्यात सगळं जमलं. ऑफिसला मेट्रो, दिवसभर लॅपटॉपवर मिटिंगा, डब्यात ओट्स. बोलण्यातलं गावाकडचं 'शे' गेलं आणि 'आहे' आलं, तेही इतकं शुद्ध की फोनवर माय म्हणायची, "तू ते बातम्या सांगी ऱ्हायनी." गावी जायचे, दोन दिवसांत परतायचे, आणि निघताना मागे बघायचे नाही. मग मान धरली. डावीकडे वळेचना. कार मागे घेताना मी अख्खी कंबर फिरवायचे. एक्स-रे, एमआरआय, शेक, पट्टा, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल निघालं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या बोलण्यापेक्षा शरीराला काय जाणवतं त्यावरून उपचार करतात म्हणे. मला वाटलं मालिश असेल, म्हणून जुना ड्रेस घालून, रिपोर्टांची फाइल घेऊन गेले.

तिथे तेल नाही, पलंग नाही, नुसत्या दोन खुर्च्या. मी बालपणापासून सांगायला लागले, पाठच करून गेले होते. बाईंनी थांबवलं. "गोष्ट असू दे. आत्ता पायांना जमीन कशी लागतेय?" मी म्हटलं, गार. चार बैठका यातच गेल्या. श्वास कुठपर्यंत पोचतो, अंगात त्यातल्या त्यात निवांत जागा कुठली. माझी तळहातात सापडली. दुखणाऱ्या मानेकडे जरासं लक्ष न्यायचं आणि पुन्हा तळहातावर आणायचं. सोसेना झालं तर हात वर करायचा, की त्या थांबणार. गावात कुणाला हे सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

पाचव्या वेळी बोलता बोलता स्टँडचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, "तुमची हनुवटी आत्ता डावीकडे हलली आणि थांबली. तिला जायचं असेल तिथे जाऊ द्या. सावकाश. नको वाटलं तर नको." मला हसू आलं. आणि मान निघाली. मी वळवत नव्हते, ती आपली आपण वळत होती. खांद्यापर्यंत आली तशा मांड्या थरथरायला लागल्या, दात वाजायला लागले, आणि खोलीत तर पंखाही बंद. मी पार हादरले. बाई म्हणाल्या, "मी इथेच आहे. पाय जमिनीवर आहेत ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "माय, माले उतरू दे."

मला त्या दिवशी गाडीतून उतरायचं होतं. हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्याच अंगाने ही गोष्ट माझ्यापासून अकरा वर्षं लपवली, हे अजूनही पचलेलं नाही.

घरी येऊन मायला फोन लावला. विचारलं, त्या दिवशी मी मागे पाहिलं असतं तर तू रडताना दिसली असतीस का? ती म्हणाली, "मन्हं तोंड दिसतंच नही. मी पाठ फिराईसन उभी व्हती. तुले देखतू ते खाले उतारी लेतू."

"दर खेपेला?"

"दर खेपले."

मी फरशीवर बसले. मला बघितलं असतं तर तिने गाडीतून खाली उतरवूनच घेतलं असतं. जिच्याकडे बघायचं नाही म्हणून मी मान आवळून धरली होती, ती पाठ करून रडत उभी होती.

दिवाळीनंतर गावाहून निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीशी बसून मागे वळून पाहिलं. आप्पा हात हलवत होते आणि शेजारी मायची पाठ होती. मी जन्मात पहिल्यांदा गाडीतून हाक मारली, "माय!" आप्पा दचकले. माय वळली. तोंड ओलं होतं आणि वर माझ्यावर चिडलेलीही होती. तिने पदराने डोळे पुसले आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मान अजून पूर्ण फिरत नाही. खिडकीतून मायचं तोंड दिसेल एवढी फिरते. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर माझं आता मान वळते तिथवर आहे.