खोलीत तिसरं कोणी नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, विहारातल्या बायकांनाही नाही. चौथी शिकलेली, लाजरी, चार माणसांत तोंड न उघडणारी — असं सगळे मला म्हणतात. त्या लाजेच्या आडच तर सगळं लपलंय.

कल्याणहून मी डोंबिवलीला एका घरी पोळ्या-भांडी करायला जायचे. त्या घरची सून स्वातीताई. लग्नानंतर आठ महिने इथे राहिली, मग नवऱ्याबरोबर लंडनला गेली. तिथे मुलगी झाली. काही वर्षांनी दोघं कोर्टात गेली — मुलगी कोणाकडे राहायची म्हणून. ती म्हणाली, नवरा हात उचलतो. तो म्हणाला, खोटं आहे. डोळ्यांनी पाहणारं कोण? मी. एकटी मी.

तिचा फोन आला. "मावशी, जास्तीचं काही सांगू नका. त्या दिवशी किचनमध्ये पाहिलंत तेवढंच."

मी म्हटलं, व्हिडिओवर बसायला मला जमणार नाही, सगळे माझ्याकडे बघणार. तर तिने माझ्यासाठी तिकडे अर्ज केला. कोर्टाने नुसत्या फोनवर साक्ष द्यायला परवानगी दिली, पण माझ्याजवळ नोटरी बसायला हवा. मी मीच आहे हे त्याने बघायचं, शपथ द्यायची, आणि कुणी मला पढवत नाही याची खात्री करायची.

नोटरी वकिलांचं ऑफिस खोपटला, एसटी डेपोसमोर. स्वातीताईचे वडील मला घेऊन गेले. वाटेत उसाचा रस पाजला. साक्षीबद्दल एक शब्द काढला नाही. वकिलांनी माझं आधार कार्ड पाहिलं, स्वातीताईच्या वडिलांना बाहेर बसवलं, दार लावलं. देवाची शपथ घेणार का, म्हणाले. मी म्हटलं, आम्ही बौद्ध, प्रतिज्ञा घेते. घेतली. टेबलावर फोन. त्यातून एक दुभाषी बाई मराठीत विचारत होती.

"मावशी, फोनमध्ये बोला, माझ्याकडे बघून नको," वकील हसून म्हणाले. "मी इथे नाहीच असं समजा."

काय पाहिलं होतं मी? त्याने तिचा हात धरून तापलेल्या तव्यावर दाबला होता. तो हात मीच नळाखाली धरला होता.

प्रश्न आला. मी म्हटलं, "मी काही पाहिलं नाही."

इथे थांबले असते तर — घाबरले, असं म्हणता आलं असतं. पण कुणी न विचारता मी पुढे बोलले. "पोळ्या करताना भाजला असेल. तिला सवय नव्हती."

ते वाक्य माझ्याकडे तयारच होतं. माझ्या नवऱ्याने माझा हात भाजला तेव्हा सरकारी दवाखान्यात मी हेच सांगितलेलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, पुढे विचारलं नाही. चाळीत भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं. वीस वर्षांत एकाने दार वाजवलं नाही. आणि हिच्यासाठी लंडनहून कोर्ट खोपटला फोन लावतं? हीच का सुटावी? — हो, हेच आलं माझ्या मनात. भीती नव्हती. लाजही नव्हती.

दुभाषी बाई माझं बोलणं इंग्रजीत सांगत होती. तेवढ्या वेळात 'थांबा' म्हणता आलं नसतं का? शेवटी तिने विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी मान हलवली.

"तोंडाने सांगा मावशी, मान फोनमध्ये दिसत नाही," वकील म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. चांगल्या मोठ्या आवाजात.

मुलगी बापाकडे गेली.

बिचारी घाबरली, असं स्वातीताईचे वडील सगळ्यांना सांगत राहिले. स्वातीच्या सासूने दम दिला असणार. सासूने तर माझ्याकडे या बाबतीत चकार शब्द काढला नव्हता — पण मी मान खाली घालून गप्प बसले. पुढे स्वातीताईनेच फोन केला. तुमच्यावर राग नाही म्हणाली. मी रडले, आणि उलट तिनेच माझी समजूत काढली.

विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं — खोटं बोलणार नाही — की माझे ओठ नुसते हलतात.

त्या दिवशी वकिलांनी एक कागद केला. त्यावर गोल शिक्का मारला, माझी सही घेतली, आणि वाचून दाखवला. साक्षीच्या वेळी खोलीत तिसरं कोणी नव्हतं. बाईंवर कुणाचा दबाव नव्हता. त्या बोलल्या ते स्वतःच्या मनाने बोलल्या.

त्या कागदावर स्वातीताईच्या माणसांनी कधी विश्वास ठेवला नाही. तो खरा आहे.