कुलूप दिसलं की पुढचं घर

वस्तीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कुणीतरी चिडवायला ठेवलेलं नाव, पण पुढे तेच पडलं आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली. काम तसंच होतं तिचं. शहराच्या कडेला राहून धोक्याची कामं करणाऱ्या माणसांची तब्येत बाकीच्या शहरापेक्षा किती मागे आहे ते मोजायचं, आणि ते अंतर दाखवून त्यांच्यासाठी औषधं, दवाखाने मागायचे. संस्थेत तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिच्याच अक्षरातली एक ओळ चिकटवलेली होती. जिथे गरज जास्त, तिथे आधी.

खडी क्रशरच्या वस्तीचा अहवाल तिनेच लिहिला. तिथली धूळ पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसलेली असे. ही धूळ रोज गिळणाऱ्यांच्या छात्या खराब निघणार असं ती धरून चालली होती. निघाल्या नाहीत. माणसांनी श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकलं, काटा सरकला, आणि वस्तीचे आकडे शहराच्या बरोबरीने आले. तिने ते पुन्हा तपासले आणि जसेच्या तसे दिले. मनाला पटत नाहीत म्हणून आकडे बदलायचे नसतात, हे ती नव्या मुलामुलींना शिकवायची.

वरच्या समितीने मग तिचीच ओळ तिच्यापुढे ठेवली. इथली माणसं धडधाकट आहेत, तेव्हा इथला दवाखाना उचलून जिथे गरज आहे तिथे नेऊ.

दवाखाना म्हणजे वस्तीच्या तोंडाशी एक खोली. एक बाक, औषधांचं कपाट आणि सिस्टर. बातमी कळल्यावर मोजणीबाई तिथे गेली तेव्हा सिस्टर पट्ट्या गुंडाळत होती.

"या मोजणीबाई. बसा. बाक आहे तोवर बसून घ्या."

"सिस्टर, मी काही हे मागितलं नव्हतं."

"नाही कसं? माणसं ठणठणीत आहेत असं छापून दिलंत. ठणठणीत माणसांना कशाला हवा दवाखाना?" सिस्टरने पट्टी डब्यात टाकली. मग आवाज उतरला तिचा. "खरं सांगू, मलाही कळत नाही. इथल्या बायका खोकल्याचं औषध नेतात, श्वासाचे पंप नेतात. त्यांना स्वतःला खोकला नाही. बाहेर विकतात की काय म्हणून मी फाडफाड बोललेय त्यांना. खाली मान घालून ऐकतात आणि पुढच्या आठवड्यात परत हजर."

मोजणीबाईला त्यात काही दिसलं नाही. ती तशीच घरी आली.

घराला कुलूप होतं. सकाळी तिनेच लावलेलं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून एखाद्या वेळी घरी. सासूबाईंचं विसरणं वाढलेलं. एकदा पोस्टात जाते म्हणून निघाल्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भलत्याच बसथांब्यावर सापडल्या. तेव्हापासून ही कामावर जाताना दार बाहेरून लावायची. रोज लावताना हात जड व्हायचा, आणि रोज लावायची.

"आलीस का जेलरबाई?" आतून आवाज आला. "आज कैद्याला भेटायला माणूस आला होता."

"कोण, आई?"

"पाण्याचा मीटर बघणारा. मी दारापाशी जाऊन ओरडले, अरे बाबा, मी आहे ना आत! तर म्हणतो कसा, कुलूप आहे आजी, कुलूप असलं की आम्ही घर बंद लिहितो. मी म्हटलं, अरे मेल्या, मग तुझ्याशी बोलतंय कोण, मीटर?"

सासूबाई स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसल्या. सुनेच्या हातातली किल्ली मात्र तशीच राहिली.

घर बंद. तिच्या सर्वेक्षणाचा तोच नियम होता. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा जायचं. तरी कुलूपच असेल तर घर बंद लिहायचं आणि शेजारच्या घरातल्या माणसाला फुंकायला लावायचं. जगभर असंच करतात. क्रशरच्या वस्तीत तिने कितीतरी घरांपुढे ते दोन शब्द लिहिले होते, आणि कुलपाला कान लावून बघायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"अगं, कुलूप काढ की, अशी खांबासारखी काय उभी राहिलीस?" सासूबाई म्हणाल्या. "मी चिडले नाहीये हो. सवय झालीय मला."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वस्तीत गेली. पिशवीत फक्त फुंकायची नळी. भर दुपारी, क्रशर सुरू असताना. पहिल्या बंद दाराला हाक मारली, उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या दारापाशी उभी राहून ती म्हणाली, "मी मोजणीबाई. आत कुणी असेल तर नुसता आवाज द्या. मी कुणाला सांगणार नाही."

तिने दाराला कान लावला. मग उशीत दाबल्यासारखी खोकल्याची उबळ, आणि तिच्या मागोमाग घोगरा आवाज.

"चपला ओळखल्या तुमच्या. उजवी घासत चालता. मागेही येऊन गेलात."

"मग हाक का नाही दिली?"

"मी इथे नाहीच, बाई. मी परगावी कामाला गेलोय. बायकोनं मुकादमाला तसंच सांगितलंय."

तुकड्यातुकड्याने, मधे दम घेत, त्याने सांगितलं. खोल्या क्रशरच्या मालकाच्या. कामावर आहे त्यालाच खोली, घरात कुणाची छाती गेली की खोली सोडायची. म्हणून छाती गेलेला माणूस परगावी जायचा, म्हणजे कुलपामागे जायचा, आणि त्याच्या जागी बायको खडीवर उभी राहायची. दिवसाउजेडी खोकायचं नाही. दवाखान्यातून औषध आणायचं ते बायकोनं, स्वतःच्या नावावर. या गल्लीत असे बरेच परगावी गेलेले होते. याला एके काळी सगळे पैलवान म्हणत.

"तुम्ही शेजारी गेलात ना, त्याचं फुंकणं ऐकलं मी. काय फुंकला हो! टाळ्या वाजवणार होतो, पण दम पुरेना."

खिडकीची एक फळी तुटलेली होती. पैलवान म्हणाला, "आणलीय का ती नळी? द्या इकडे. आम्हीही बघू जोर."

फटीतून एक हात बाहेर आला. मनगट रुंद, त्यावर मांस नाही. आत फुंकल्याचा आवाज झाला, विझत आलेल्या चुलीत कुणी फुंकर घालावी तसा, आणि मग खोकला, पुष्कळ वेळ. नळी परत आली. काटा जागचा हलल्यासारखा वाटत नव्हता.

"किती भरलं?"

"कमी आहे."

"कमी म्हणजे हरलो का?"

"नाही पैलवान," ती म्हणाली. "मी हरले."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण माझं दार कुणाला दाखवू नका. औषध संपलं तर मी जाईन. खोली गेली तर सगळे रस्त्यावर येतील."

तिने शब्द दिला. दुसरं काय देण्यासारखं होतं तिच्याकडे?

संस्थेतले तिचे वरिष्ठ, सगळ्यांचे सर, माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे आजारी माणसं कुलपामागे राहिली, आणि आपण त्यांच्याऐवजी निरोगी शेजारी मोजले."

"हो सर. नेमके तेच गाळले आपण. मी गाळले."

"मग एक घर दाखवा. एकच. मी स्वतः येतो, समितीलाही आणतो."

समिती येणार म्हणजे मुकादम पुढे असणार, आणि कुलूप त्याच्यासमोर उघडणार.

"घर न सांगता आकडा दिला तर?"

"तो आकडा कुठून आला हे सांगता येणार नसेल, तर मी तो कसा धरू? आणि खोकला ऐकून शोधलेली घरं म्हणजे निवडून काढलेली घरं झाली. हे तुम्हीच शिकवता, मॅडम." ते हे टोमणा म्हणून बोलले नाहीत, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. "निर्णय झालेला आहे. थांबवायचा तर मला काहीतरी दाखवावं लागेल. एक घर."

"माझं," ती म्हणाली.

"काय?"

"माझं घर दाखवते, सर. रोज बाहेरून कुलूप असतं आणि आत माणूस असतं. घर बंद लिहिलेलं होतं तिथेही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या."

सिस्टरला तिने एवढंच सांगितलं, की त्या बायका औषध विकत नाहीत. सिस्टरने पदराने तोंड झाकलं. मग तिने वर पत्र पाठवलं, मोजणीबाईने समितीच्या दारात खेटे घातले. जिथे तिथे तोच प्रश्न, कोणतं घर? आणि तिने शब्द दिलेला.

टेम्पो आला तो दुपारचाच. बाक गेला, खुर्ची गेली. सिस्टरने होते तेवढे पंप बायकांना आधीच वाटून टाकले होते, आणि ते किती दिवस पुरतील हे बोलायचं टाळलं होतं. ड्रायव्हर कपाटाला दोरी आवळत असताना मोजणीबाई गल्लीत त्या तुटक्या फळीपाशी उभी होती.

"कसली आदळआपट चाललीय?" पैलवानाने आतून विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं तिला. जमलं नाही. "दवाखाना हलवताहेत."

"कुठे?"

"जिथे गरज जास्त आहे तिथे."

मग पैलवान हसला. पोटातून, पूर्वी हसत असेल तसा. हसण्याचा खोकला झाला आणि या वेळी तो उशीत मावला नाही. भिंतीपलीकडच्या बंद खोलीत कुणाला तरी उबळ आली. मग समोरच्या.

ड्रायव्हर दोरी हातात धरून वळला. गल्लीभर कुलपांकडे बघत राहिला. "सगळी घरं तर बंद आहेत. खोकतंय कोण?"

मोजणीबाईने तोंड उघडलं. गल्लीच्या टोकाला मुकादमाची मोटारसायकल उभी होती. तिने तोंड मिटलं.

"वारा असेल," ड्रायव्हर स्वतःशीच म्हणाला आणि गाडीत चढला.

टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पैलवानाने दम धरला होता. "गेली गाडी?"

"गेली."

"मग आता कसं, मोजणीबाई?"

त्याची बायको क्रशर बंद झाल्याशिवाय येणार नव्हती. किल्ली तिच्याकडे. मोजणीबाई कुलपाखाली उंबऱ्यावर बसली, आणि आतला श्वास ऐकत राहिली.