मागच्या पडवीतला लेथ

लेथ टेम्पोतून उतरवला तेव्हा मी घरात नव्हते. मुद्दाम शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले होते. भिंतीपलीकडून लोखंडी पाइप घरंगळल्याचा आवाज येत होता, चार-पाच माणसं एका सुरात जोर लावत होती, आणि मी काकूंची मेथी निवडत होते. आवाज थांबले तेव्हा बघते, तर मी काड्या ताटात ठेवल्या होत्या आणि पानं कचऱ्यात टाकली होती.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. आम्ही बदलापूरला, शिरगावात, बैठ्या घरात राहायचो. माझा नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होता. लेथवर लोखंड, पितळ फिरवत ठेवायचं आणि धारदार हत्याराने कातून त्याचा हवा तसा भाग काढायचा, हे त्याचं काम. कारखाना बंद पडला. वर्षभर ह्यांनी मिळेल तिथे रोजावर काम केलं, आणि मग उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे हा लेथ बघितला. तो गॅसने कापून विकायलाच काढला होता. ह्यांनी त्या म्हाताऱ्या सिंध्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी लेथ आमच्या मागच्या पडवीत आला.

मला यंत्रांची भीती होती, आणि ती उगाच नव्हती. मी नऊ वर्षांची असताना माझे बाबा एकदा कामावरून चार दिवसांनी घरी आले. मधले दिवस ते दवाखान्यात होते, एवढंच आम्हा भावंडांना सांगितलेलं. आईने ताट वाढलं. बाबांनी डाव्या हाताने भात कालवला. उजवा हात पांढऱ्या पट्टीत होता आणि ती पट्टी हाताच्या मानाने फार आखूड होती. तीन बोटं पत्रा कापायच्या प्रेसमध्ये गेली होती. ते कसं झालं हे बाबांनी घरात कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

लेथ आल्यावर पहिले पंधरा दिवस मी पडवीत पाऊल टाकलं नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा पुढून वळसा घालून जायचे. मग एक दिवस ह्यांनी दिवा धरायला बोलावलं. मशीन बंद होतं, त्याला अजून मोटरसुद्धा नव्हती, तरी मी उंबऱ्यातच थांबले. सगळ्या लोखंडावर लाल गंज चढलेला. ह्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, पात्याने हलक्या हाताने खरवडलं, आणि खालून बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी निघाली. मी दिवा खाली ठेवला आणि दुसरा बोळा घेतला.

त्यानंतर दोन महिने आम्ही दोघं रोज ते काम करत होतो. एकेक भाग सुटा करायचा, रॉकेलमध्ये भिजवायचा, घासायचा, तेल लावून कागदावर ओळीने मांडायचा. जेवताना माझ्या हातांना रॉकेलचा वास यायचा. हत्यार पुढेमागे सरकवायच्या चाकाची मूठ एका बाजूने झिजून खोलगट झाली होती. वर्षानुवर्षं कुणाचा तरी तळवा तिथे बसला असणार. ह्यांना त्याचं कौतुक वाटलं. माझ्या मनात आलं, की तो माणूस घरी गेला तेव्हा त्याची सगळी बोटं जागेवर होती ना?

पडवीची फरशी खणून काँक्रीट ओतलं, बोल्ट गाडले, मशीन त्यावर बसवलं. पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवून ते अगदी समपातळीत आणायचं काम आठवडाभर चाललं होतं. शेवटी मोटर बसली.

तो रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. वायरमन जोडणी करून गेला होता. त्याला दुसरीकडे जायची घाई होती, चालू करून बघा एवढंच म्हणाला. ह्यांनी मला मशीनसमोर उभं राहू दिलं नाही, बाजूला दाराशी उभं केलं. लेथच्या डोक्याला चक असतो, म्हणजे काम पकडून धरणारा जड लोखंडी जबडा. आमचा चक नारळाएवढा जाड, जेवणाच्या ताटाएवढा रुंद. आटे साफ करायला तो काढला होता आणि तेल लावून परत हाताने फिरवून बसवला होता.

ह्यांनी मशीन चालू-बंद करायचं हँडल खाली ओढलं. चक फिरला, पण उलटा. वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. मला त्यातलं काही कळलं नाही, मला फक्त ह्यांचा चेहरा दिसला. चक आट्यांवरून सुटत सुटत पुढे आला, खाली मशीनवर आदळला, फिरता फिरताच उसळला आणि ह्यांच्या पायावर पडला. तिथून घरंगळत येऊन दाराच्या चौकटीला लागला. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर.

हे खाली बसले होते. मशीन चालूच होतं. चक नसलेला तो उघडा दांडा गरगर फिरत होता आणि मोटरचा पट्टा फटफट वाजत होता. मेन स्विच मशीनच्या मागच्या भिंतीवर. मला तिथे जायचं होतं आणि माझे पाय हलत नव्हते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ह्यांना विचारलं तर ते म्हणतात, फार नाही. पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात.

"अगं, मेन बंद कर," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "भिंतीला धरून जा. काही होत नाही."

मी भिंतीला पाठ लावून, साडी दोन्ही हातांनी घट्ट आवळून, एकेक पाऊल सरकत गेले आणि मेन बंद केला. मग मागे वळून पाहिलं. ह्यांची स्लिपर रक्ताने भरली होती.

पायाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर झालं, तीन महिने पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. हे घरी आले. तीन-चार दिवसांनी एका सकाळी म्हणाले, की भंगारवाल्याला निरोप पाठव, घेऊन जाऊ दे त्याला.

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मला ते मशीन नको होतं. पडवीचं दार मी बाहेरून कडी लावून ठेवलं होतं. पण त्याच्या दातेरी चाकांचा एकेक दात मी माझ्या हाताने घासला होता आणि ते कापलं जाताना मला बघवलं नसतं. शिवाय कात्रपच्या एका पंप दुरुस्तीवाल्याने ह्यांना पितळी बुश, म्हणजे पंपाचा दांडा ज्यात फिरतो ती आखूड नळी, करून द्यायचं काम देऊ केलं होतं, आणि घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं.

बाबा अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायचे. पायाचं कळल्यावर ते बघायला आले. चहा झाल्यावर त्यांनी मला पडवीची कडी काढायला सांगितली. मला वाटलं, आता ते म्हणणार, फेकून द्या हे धूड. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पट्टा बघितला आणि विचारलं, की ह्याच्यावर काम कोण करणार?

हे उठेपर्यंत मीच करावं असं माझ्या मनात आहे, पण मला फार भीती वाटते, असं मी सांगितलं.

"वाटू दे," बाबा म्हणाले. "माझी भीती गेली होती. बारा वर्षं त्याच प्रेसवर होतो, न बघता हात घालायचो. त्या दिवशी मी बाजूच्या माणसाशी बोलत होतो, पोरी. हसत होतो."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. आतल्या खोलीत हे पलंगावर पडून ऐकत होते, मला माहीत होतं.

पुढचा आठवडाभर बाबा रोज अंबरनाथहून यायचे. दुसरा वायरमन बोलावून त्यांनी वायरी सरळ करून घेतल्या आणि मशीनपासून दूर, दाराजवळ, आणखी एक स्विच बसवून घेतला. चक घट्ट बसवला, चारदा तपासला. मग वीज बंद ठेवून मला मशीनसमोर उभं केलं आणि डोळे मिटून हँडल बंद करायला लावलं. एकदा, दहादा, पन्नासदा. साडी नको, ओढणी नको, बांगड्या नकोत. मी ह्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, केस घट्ट बांधले. गळ्यातलं काढताना हात अडखळला. ह्यांनी पलंगावरूनच हात पुढे केला, मी मंगळसूत्र त्यांच्याकडे दिलं आणि त्यांनी ते उशीखाली ठेवलं.

पहिलं काम करायला ह्यांना पडवीत खुर्चीवर आणून बसवलं, पाय स्टुलावर. पितळेची सळी चकमध्ये धरली. मशीन सुरू झालं. पितळेचा कीस बारीक उडायला लागला, गरम ठिणगीसारखा मनगटाला लागला. मी हँडल ओढून मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद केलं. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी बाबांनी पाठीमागे येऊन खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची दोनच बोटं मला शर्टातून जाणवत होती.

त्या दिवशीचं काम फुकट गेलं. तुकडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघाला. चक आदळल्यामुळे मशीन जागचं हललं असणार, असं ह्यांनी सांगितलं. मग पुन्हा पायाखालचे पत्रे काढणं, घालणं, कातून बघणं, मोजणं. हे खुर्चीतून सांगायचे आणि मी जमिनीवर आडवी पडून बोल्ट आवळायचे. नवव्या दिवशी दोन्ही टोकं सारखी निघाली. ह्यांनी ती सळी तीनदा मोजली आणि नुसती मान हलवली. मला आनंद झाला असेल, पण आठवतं ते एवढंच, की चाकाच्या मुठीवरून माझी बोटं सुटत नव्हती आणि मला ती एकेक करून सोडवावी लागली.

पुढचे दोन महिने मी पंपाचे बुश केले. काही परत आले, बरेचसे चालले. रोज सकाळी मशीनसमोर उभं राहिलं की तीच भीती वाटायची आणि मशीन सुरू झाल्यावर कामात थोडी विरघळायची. पूर्ण कधी गेली नाही.

मग ह्यांचं प्लास्टर निघालं. थोडं लंगडत, पण चालायला लागले, आणि एका सोमवारी मशीनसमोर उभे राहिले. मला वाटलं होतं, आता मी सुटले. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पडवीतून मोटरचा आवाज आला आणि माझे हात पिठातच थांबले. स्वतः उभी असताना कधी वाटली नाही इतकी भीती वाटली. तिथे निदान हँडल माझ्या हातात असायचं.

मी पिठाचे हात तसेच घेऊन पडवीत गेले आणि दाराजवळच्या स्विचवर हात ठेवून उभी राहिले. ह्यांनी एकदा वळून बघितलं. आत जा म्हणाले नाहीत. मशीन बंद करून त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, स्विचच्या खाली आणून ठेवली आणि परत कामाला लागले.