शहागडच्या चित्रातली नाव

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. हैदराबादेत वर्तमानपत्रात काम केलं. दोघांकडून खात्री झाल्याशिवाय ओळ छापायची नाही, ही तिथली शिस्त. पुढचा प्रकार तिघांनी पाहिला... तरी तो मी तेव्हा छापला नाही.

निजामी अमलाची शेवटची वर्षं. शहागडला गोदावरीच्या घाटावर एका मारवाडी शेटजींचं किराणा दुकान होतं. जालन्याच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबानं फार पूर्वी काढलेलं शहागडचं जलरंगातलं चित्र त्यांनी लिलावात घेऊन दुकानात लावलं होतं. त्यावर लिहायला मी गावी आलो होतो. घाट, पिंपळ, पायरीशी बांधलेली नाव. माणूस एकही नाही.

"साहेबानं गाव काढलं, माणसं विसरला," मी म्हणालो.

"माणसाला रंग जास्त लागतो. साहेब बिलकुल कंजूष!" शेटजी हसले.

तेवढ्यात भोईवाड्यातल्या तुळसाकाकू मीठ घ्यायला आल्या. त्यांचा नवरा नावाडी. आदल्या पावसाळ्यात पुरात गेला, देह सापडला नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन उरकू, असं दीर म्हणत होता; काकू कुंकू पुसायला तयार नव्हत्या. त्यांच्या घरची रीत अशी, की नावेचा दोर बायकोनं सोडायचा, मगच नवऱ्यानं नाव हाकायची. पुराच्या दिवशी काकू तापानं पडून होत्या. पलीकडून माणसं हाका मारत होती... त्यानं दोर स्वतःच सोडला.

मीठ ओच्यात घेता घेता काकू थांबल्या.

"हे इथं बसलेत की!"

चित्रात नावेजवळच्या पायरीवर आता एक पाठमोरा माणूस होता. पागोट्याचा शेमला डाव्या खांद्यावर, काकूंचा नवरा सोडायचा तसा. शेटजींच्या हातातलं माप कलंडलं.

"तुळसाबाई, हे चित्र तुमच्या मालकाच्या जन्माआधीचं हाय."

"असंल." त्यांची नजर हलली नाही. "दोर मी सोडलाच न्हाई. मंग कसे जातील?"

त्याच आठवड्यात काकूंच्या होकारानं पुतळ्याचं दहन झालं. नंतर काकू घाट उतरल्या आणि त्यांनी दिराच्या नावेचा दोर सोडला.

"वैनी, नाव रिकामी चालली!" दीर ओरडला.

"रिकामी न्हाई," काकू म्हणाल्या.

घाटावरून काकू, शेटजी आणि मी दुकानात आलो. चित्रातली पायरी मोकळी होती. नाव नदीच्या मध्यावर होती, आणि तिच्यात एक पाठमोरा माणूस उभा होता. काकूंचं कपाळ तेव्हा कोरं होतं.

"लई बसवून ठेवलं मी त्यांला," एवढंच त्या बोलल्या आणि घरी गेल्या.

शेटजींनी पुढे ते चित्र मला दिलं. मी ते एका जाणत्या चित्रकाराला दाखवलं. मागाहून काही रंगवल्याची खूण त्याला सापडली नाही. नाव आजही धारेतच आहे. हे कसं झालं, मला माहीत नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पायरीशी बांधलेली होती, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.